होडी सोड, तेकला

तो दिवा जरा खाली ठेवा, डोळ्यांवर येतोय. आणि दार लोटून घ्या, डास येतात.

भुताची गोष्ट सांगा म्हणता. भुतांचं मला काही माहीत नाही. उभा जन्म माती उपसण्यात गेला माझा, यंत्रावर बसून. पण कंद्रातवर जे बेतलं ते सांगतो. आपल्या दवाखान्यातला कंद्रात. कागदोपत्री तो डॉक्टर नाही, डॉक्टरचा मदतनीस आहे. पण या अकरा गावांत डॉक्टर म्हणाल तर तोच. परवाच माझं ब्लडप्रेशर मोजून गेला आणि ‘पिलिप आजोबा, डुकराची चरबी बंद करा’ म्हणून दटावून गेला. म्हणजे माणूस हयात आहे, शुद्धीवर आहे, दारूला शिवत नाही. हसू नका, खरंच शिवत नाही. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, याच बाकावर बसून. नंतर मी पुन्हा विषय काढला तेव्हा टोपी उचलून चालता झाला.

दोन हजार बावीस साल. पाच मे, गुरुवार. दुसऱ्या दिवशी युरीचा सण होता, गुरं पहिल्यांदा कुरणात सोडायचा.

पेरावोझमध्ये तेकला आजी एकटी राहायची. अठ्ठ्याऐंशीची होती. फेब्रुवारीत ओसरीच्या पायरीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात ते जुळत नाही. तालुक्याच्या इस्पितळानं महिनाभर ठेवून घरी पाठवली. तेव्हापासून अंथरुणावर. कूस बदलायची तरी दुसऱ्याचा हात लागायचा. झिनाइदा, आपली सरकारी सेविका, सकाळ-संध्याकाळ सायकलवरून जायची. भट्टी पेटवायची, खाऊ घालायची, धुवायची. त्या गुरुवारी झिनाइदाचा पाय मुरगळला. तिनं कंद्रातला फोन केला.

“आज तेकला आजीकडे जाशील का? दुखण्याचं इंजेक्शन तसंही तुलाच द्यायचंय. जातोच आहेस तर चार बटाटे उकडून दे. आणि कपडे बदल तिचे.”

“म्हणजे डॉक्टरही मीच आणि सूनही मीच?”

“सून असती तर एवढं केलं नसतं तिनं. जा मुकाट्यानं.”

गेला बिचारा. साडेसातला गाडी घेऊन निघाला, आठाच्या सुमारास पोचला. अजून उजेड होता.

आता पेरावोझ तुम्ही पाहिलंय, डांबरी सडक संपते तिथे. तीन घरं, एक विहीर आणि समोर पसरलेलं राय नावाच्या धान्याचं शेत. पण ते पेरावोझ नव्हे. माझ्या आईनं पाहिलेलं पेरावोझ विशांका नदीच्या दोन्ही काठांवर होतं. पलीकडच्या उंच काठावर सत्तर घरं, चर्च, मळणीची मोठी कोठी. अलीकडच्या दलदलीच्या काठावर सात-आठ घरं, त्यातलं पाण्याजवळचं नावाड्याचं. पूल कधीच नव्हता. पलीकडून यायचं असलं की माणूस काठावर उभा राहायचा आणि तोंडाशी हात धरून ओरडायचा, “होडीऽऽऽ!” की नावाडी निघायचा. पेरावोझ म्हणजे होडीनं पार होण्याची जागा, गावाला नावसुद्धा त्यावरूनच पडलं.

मग महायुद्धातलं त्रेचाळीस साल आलं. उंच काठावरचं गाव एका रात्रीत जळालं. शत्रूच्या सैनिकांनी माणसांना कोठीत कोंडून जाळलं. तो दगड तुम्ही पाहिलाय. शाळेत असताना दर वर्षी फुलं ठेवायला नेत होते तुम्हाला. ज्यांना पळता आलं नाही ती एकेचाळीस माणसं, आणि आडनावं फक्त चार.

आणि नदी? नदी मी हलवली. असे बघू नका माझ्याकडे. आम्ही अकरा जण होतो, सहा यंत्रं. चौऱ्याहत्तर साली दलदल सुकवायचा हुकूम आला. नागमोडी विशांका सरळ केली आणि तीन किलोमीटर पलीकडे कालव्यात नेऊन घातली. काम वेळेआधी झालं म्हणून प्रत्येकाला मनगटी घड्याळ मिळालं. जुन्या पात्रात दोन वर्षं डबकी राहिली, मग तीही आटली. काठावर पालथी टाकलेली होडी उन्हानं तडकली आणि कुणीतरी जळणाला नेली. पात्र नांगरलं. आता तिथे राय पेरतात. पावसाळ्यातसुद्धा तिथे बेडूक ओरडत नाही.

तर तेकला आजी नावाड्याची मुलगी. इग्नात नावाड्याची. ते पाण्याजवळचं घर तिचंच. पाणी गेलं, घर राहिलं.

कंद्रात आत आला तशी ती उशीवरूनच म्हणाली, “तू? झिनाइदा कुठे मेली?”

“पाय मुरगळलाय तिचा.”

“तिचा पाय, माझं कंबरडं. दोघी मिळून एक धड बाई निघेल.”

त्यानं भट्टी पेटवली, बटाटे उकडले, तिला अर्धा बटाटा आणि वाटीभर बर्चच्या झाडाचा रस भरवला. कपडे बदलले, दंडात इंजेक्शन दिलं. नऊ वाजले. बाहेर अंधार पडला होता. तो पिशवी आवरायला लागला. आणि तेकला आजी म्हणाली, “थांब आजची रात्र.”

“आजी, बायकोला काय सांगू? परक्या बाईच्या घरी रात्र काढली म्हणून?”

“सांग, अठ्ठ्याऐंशीची आहे आणि तोंडात दात नाही. ती तुला माफ करेल.” तिनं त्याची बाही धरली होती. “कंद्रात, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?”

नव्हतं मागितलं. इस्पितळातून घरी आणताना गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला दात नसलेल्या हिरड्या आवळून गप्प बसलेली बाई ती. कंद्रात थांबला. कुंपणाजवळ जाऊन बायकोला फोन केला, कारण घरात रेंज नव्हती, आणि परत येऊन बाकावर कोट अंथरला.

त्याला डुलकी लागली असेल. जाग आली ती हाकेनं.

“होडीऽऽऽ!”

त्यानं घड्याळ पाहिलं. अकराला वीस कमी.

त्याच्या मनात भूत वगैरे काही आलं नाही. शेतात कुणाचा तरी ट्रॅक्टर रुतलाय, नाहीतर सणाची दारू आदल्या दिवशीच पिऊन कुणी आडवा झालाय, असं वाटलं त्याला. पूर्वी दलदलीत एक पक्षी बैलासारखा हंबरायचा, त्याच्यावर लोक असलं पुष्कळ काही ढकलायचे. पण दलदल गेली तसा पक्षीही गेला.

पुन्हा हाक आली. बाईचा आवाज. लांबून, पाण्यावरून येतो तसा पसरट.

“होडीऽऽऽ!”

कंद्रात उठला, बूट शोधायला लागला. अंथरुणावरून तेकला आजी म्हणाली, “तुलाही ऐकू आलं?”

“कुणीतरी अडकलंय शेतात. बघून येतो.”

“तुलाही ऐकू आलं...” ती पुन्हा म्हणाली. आणि रडायला लागली. आवाज न करता. “एकोणऐंशी वर्षं मला वाटतंय, माझ्या एकटीच्या डोक्यात आहे ते.”

कंद्रातच्या हातात एक बूट होता. तो तसाच बाकावर बसला. मग तिनं सांगितलं. नवऱ्याला नव्हतं सांगितलं, चर्चच्या पाद्र्याला नव्हतं सांगितलं.

त्रेचाळीस सालची पाच मेची रात्र. विशांका पुरानं भरली होती, काठापासून काठापर्यंत. इग्नात नावाडी तापानं फणफणून भट्टीवरच्या झोपायच्या ओट्यावर पडलेला, शुद्ध नव्हती. आई आधीच गेलेली. पलीकडे आग दिसली, गोळ्या ऐकू आल्या. मग माणसं काठावर धावत आली आणि ओरडायला लागली. होडी अलीकडे होती.

“मी खाली गेले,” तेकला आजी म्हणाली. “दोराची गाठ सोडली. होडी हलली. वल्हं हातात होतं माझ्या. आणि पलीकडे आगीपुढे सगळी उभी दिसली मला. आणि त्यांच्या मागून येणारे, तेही दिसले.”



“मग?”

“मी गाठ परत बांधली.”

कंद्रातनं हातातला बूट पायात चढवला. मग म्हणाला, “आजी, तू नऊ वर्षांची होतीस.”

“नऊ वर्षांची मी वाट्टेल तेवढ्यांना पलीकडे नेत होते. बाप झोपलेला असला की मीच नेत होते. तेही ठाऊक होतं त्यांना. म्हणून तर...”

बाहेरून हाक आली. या वेळी पुरुषाचा आवाज, म्हाताऱ्याचा.

“तेकला! होडी सोड, तेकला!”

कंद्रातनं दुसरा बूट घातला. का घातला ते त्याला अजून सांगता येत नाही. ‘सवय,’ म्हणाला. ‘कुणी हाक मारली की जायचं, एवढंच मला येतं.’

तेकला आजी म्हणाली, “मला उठता येत नाही. तू जा. सांग त्यांना... सांग, तेकला येतेय म्हणून.”

त्यानं मानेनं हो म्हटलं. विजेरी घेतली, औषधांची पिशवी खांद्याला लावली. दार वाऱ्यानं उघडू नये म्हणून बाहेरून कडी घातली आणि निघाला.

घरामागे काठ आहे. काठ म्हणजे आता नुसता उतार, गुडघाभर. तो उतरला आणि शेतात शिरला. राय पोटरीपर्यंत आली होती. चांदणं नव्हतं, चंद्राची कोर ढगाआड गेली होती. माती कोरडी, भुसभुशीत. बुटाखाली दबत होती. पाऊणशे पावलं चालला. समोर उंच काठ आला. त्यावर काटेरी झुडपं आणि दगड. तो एकेचाळीस नावांचा. विजेरी फिरवली.

कुणी नव्हतं.

“कोण आहे?” तो ओरडला. “मी दवाखान्यातला कंद्रात. कुणाला लागलंय का?”

काही नाही. वारासुद्धा नाही.

मग पाठीमागून हाक आली.

“होडीऽऽऽ!”

तो वळला. तिकडे तेकला आजीचं घर होतं. खिडकीत रात्रीचा बारीक दिवा. आवाज त्या काठावरून येत होता. जिथून तो आत्ता आला होता तिथून.

परत फिरला. आता जरा भराभर. राय पायात अडकत होती. अलीकडच्या काठावर चढला, हात टेकून. विजेरी मारली. कुंपण. गाडी. विहीर.

आणि पलीकडून...

“तेकला! आईची शपथ आहे तुला, होडी सोड!”

आता पुष्कळ आवाज होते. बायका, म्हातारे. एक मूल नुसतंच रडत होतं, शब्दांवाचून. कुणीतरी त्याला गप्प करत होतं. ते गप्प करणंसुद्धा ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा तो धावत गेला. पलीकडे पोचला तर आवाज अलीकडे. म्हणजे कसं, लक्षात येतंय ना? तो ज्या काठावर जाईल त्याच्या समोरच्या काठावर ती माणसं. पाऊणशे पावलं. पाणी असतं तर होडी घेऊन गेला असता. पोहूनसुद्धा गेला असता, पोहतो तो बरा. पण पाणीच नव्हतं. आणि जे नाही ते ओलांडायचं कसं?

ते मी नेलं होतं, पोरांनो. तीन किलोमीटर पलीकडे.

...

काही नाही. पाणी दे जरा.

शेवटी तो मध्येच थांबला. जुन्या पात्राच्या मधोमध. दोन्ही काठ सारखेच लांब. विजेरी विझवली. धुराचा वास यायला लागला. ओल्या गवताचा धूर असतो तसा. कुठे आग नव्हती. अंधार होता नुसता.

“होडीऽऽऽ!”

त्यानं तोंडाशी हात धरले. आणि ओरडला, “येतेय! तेकला येतेय!”

सगळं थांबलं.

मूलसुद्धा थांबलं.

कंद्रात म्हणाला, हाका ऐकताना मी घाबरलो नव्हतो, आजोबा. तेव्हा घाबरलो. कारण त्यांनी ऐकलं होतं. ती सगळी वाट बघत होती. अंधारात, दोन हातांवर... इतकी माणसं... श्वास रोखून. वल्ह्याचा आवाज ऐकायला.

एक मिनिट गेलं.

दोन मिनिटं.

तो उभा. हात नुसते लोंबत होते. पिशवीत सुया होत्या, पट्ट्या होत्या, औषधं होती.

मग कुणीतरी अगदी हळू, जवळच, जणू त्याला त्रास होऊ नये अशा बेतानं विचारलं...

“येतेय ना?”

तो आवाजाकडे वळला. तिथे नुसती राय होती.

पुन्हा हाका सुरू झाल्या. पण आता एकेक आवाज कमी होत होता. आधी म्हाताऱ्याचा गेला. मग बायकांचे, एकामागून एक. दूर कुठेतरी कोठीचं जड लाकडी दार ओढल्यासारखा आवाज. त्यानं कानांवर हात घेतले आणि राईत खाली बसला. गुडघ्यांत डोकं घालून. किती वेळ ते त्याला माहीत नाही.

डोकं वर केलं तेव्हा शांत होतं. पूर्वेला फटफटत होतं. चार वाजून गेले होते. राईवर दव होतं आणि दगडाच्या बाजूला कुठेतरी कोंबडा आरवल्यासारखं वाटलं, पण तिकडे कोंबडा कुठून येणार.

तो घराकडे आला. कडी बाहेरून घातलेली, तशीच. उघडून आत गेला. तेकला आजी अंथरुणावर होती. पांघरूण हनुवटीपर्यंत. गेली होती. दोनेक तास झाले असतील, त्यानं मान चाचपून पाहिली. त्याला यातलं कळतं.

चेहरा? मीही हेच विचारलं त्याला. तो म्हणाला, दमलेला होता. शांत वगैरे नाही. दिवसभर राबून आलेलं माणूस जेवायच्या आधी टेकतं आणि तिथेच डोळा लागतो, तसा.

झिनाइदा येणार नव्हती, म्हणून त्यानं स्वतःच पाणी तापवलं. चेहरा पुसला, रुमाल बांधला, पाय सरळ केले. आपल्याकडे हात छातीवर घडी करून ठेवतात, तसे ठेवायला गेला. तर मुठी वळलेल्या. घट्ट. एकेक बोट सोडवावं लागलं. दोन्ही हात उताणे केले आणि दिवा जवळ घेतला.

तुझा हात दे इकडे. उताणा कर. ही जागा बघ, बोटांच्या मुळाशी. आणि ही, अंगठ्याच्या बेचक्यात. नवख्या माणसानं रात्रभर वल्हं मारलं तर इथेच येतात. तीन महिने जी बाई कुशीवर वळली नव्हती, तिच्या दोन्ही हातांना फोड होते. टपोरे. त्यातले तीन फुटलेले.

आणि फुटलेल्या कातडीखालचं पाणी अजून वाळलं नव्हतं.